शेटाणीची मिरची

मी अर्थशास्त्र शिकवते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरी जे घडलं ते लिहिते आहे... ज्याने त्याने ठरवावं.

नंदुरबारच्या एका कॉलेजात मी आणि माझे पती एकाच विभागात होतो. ते गेले त्याला आता वर्ष उलटून गेलं. प्रथम वर्षाचा पेपर त्यांचा. तो मी घ्यावा, असं प्राचार्यांचं म्हणणं. मला त्या वर्गात पाऊल टाकवत नव्हतं. यंदा स्पष्ट नाही म्हणायचं, असं मी ठरवलं होतं.

आमच्या घरात तिखट खाणारे ते एकटेच. दर हिवाळ्यात आम्ही पथारीवर — मिरची वाळायला पसरतात त्या मैदानावर — वर्षाची मिरची घ्यायला जायचो. सांगतील तो भाव मी द्यायची. हे मागून म्हणायचे, “शेटाणी, जरा भाव त कर वं.” हे नाव आम्हा दोघांतलंच. ते गेल्यावर मी एकटी गेले आणि नेहमीइतकीच मिरची घेऊन आले. पोतं तसंच माळ्यावर पडलं. कुणाजवळ बोलले नाही.

जूनमध्ये कॉलेजात एआय वापरून शिकवण्याची कार्यशाळा झाली. मी टाइप केलं — मागणीची लवचिकता, नंदुरबारच्या मिरची बाजारावर प्रश्न आणि उत्तरं दे. प्रश्न आले, गाईडात असतात तसे. शेवटचा मात्र असा होता —

‘एका शेटाणीच्या घरात तिखट खाणारं माणूस उरलं नाही. तरी तिने नेहमीइतकीच मिरची घेतली. का?’

खाली उत्तर — ‘ही मागणी नाही, सवय आहे. सवय सुटायला एक हंगाम जातो. पुढच्या खेपेला तिने कमी घ्यावी, आणि भाव करून घ्यावी.’

शेजारी कॉम्प्युटर शिकवणारे पाटील सर होते. ते हसले. “मॅडम, हा तं पेपरात टाकाच.”

“हे आणतं कुठून, सर?”

“कुठून नाही. पुढचा शब्द कोणता, एवढाच अंदाज बांधतं ते.”

“मी शेटाणी लिहिलं नव्हतं.”

त्यांनी माझी ओळ पुन्हा वाचली. तीच ओळ परत दिली. या वेळी पेट्रोल आणि सफरचंदांवरचे प्रश्न आले. “एकदा दिलेलं परत देत नाही कधी कधी,” ते म्हणाले, आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

बाजार, बाई, मिरची... असे शब्द जुळून येऊ शकतात, हे मला कळतं. मी घरी जाऊन तेच स्वतःला सांगितलं. प्राचार्यांना मात्र नाही म्हटलं नाही. जुलैत ह्यांच्या वर्गात जाऊन उभी राहिले.

परवा पथारीवर गेले. ओळखीची बाई मापाला हात घालत म्हणाली, “ताई, औंदा बी तितलीच ना?”

“नाही, थोडीच. आणि भाव जरा नीट लावा.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “आज तुम्ही भाव करी ऱ्हायल्या?”

मी मागे वळून पाहिलं. दूरवर नुसती लाल मिरची पसरलेली होती.