शिट्टी होऊ न देणारा

कुकरची शिट्टी झाली की बॉयलरकाकांना कुणी चारचौघांत अपमान केल्यासारखं वाटायचं. त्याला कारण होतं. चौतीस वर्षं त्यांनी कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला होता, आणि तिथे सेफ्टी व्हॉल्व्ह उडून वाफ आपणहून बाहेर पडली म्हणजे बॉयलरवाला डुलक्या काढत होता असाच अर्थ निघायचा. दुसऱ्या पाळीचा माणूस महिन्यातून एकदा तरी व्हॉल्व्ह उडवायचा आणि वर दात काढायचा. काकांच्या पाळीत तो एकदाही उडाला नाही. काटा लाल रेघेकडे सरकायला लागला की ते आग कमी करायचे. दर तासाला पाण्याचा नमुना काढायचे, तपासायचे, वहीत लिहायचे आणि मगच चहाला हात लावायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात नेमकं हेच सांगितलं. तेव्हापासून काकांची पक्की खात्री झाली की पाणी, आग आणि वाफ या विषयांत आपल्याला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

घरातला कुकर मात्र लग्न झाल्यापासून काकूंच्या ताब्यात होता आणि तो खुशाल शिट्ट्या मारायचा. काका बाहेरच्या खोलीतून ओरडायचे की वाफ फुकट चाललीय. काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. असं चाळीस वर्षं चाललं आणि दोघांचंही काही बिघडलं नाही.

मग काकू जिन्यात घसरल्या. पडताना दोन्ही हात पुढे केले आणि दोन्ही मनगटं मोडून घेतली. कोपरापासून तळव्यापर्यंत प्लॅस्टर, बाहेर फक्त बोटांची टोकं. सहा आठवडे असंच, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेजारच्या शिंपीणबाई भल्या. सकाळ-संध्याकाळ येऊन त्या काकूंची अंघोळ, केस विंचरणं आणि दोन घास भरवणं एवढं करून जायच्या. मधला सगळा दिवस काकांच्या पदरात पडला.

परगावी राहणाऱ्या लेकीने फोनवर सरळ सांगून टाकलं की ती रविवारी जेवायला येतेय. बाबा आईला धड जेवू घालताहेत असं दिसलं तर ठीक, नाहीतर आई तिच्याबरोबर जाईल. शेवटी तिने आईला विचारलं, काय खावंसं वाटतं? काका फोन काकूंच्या कानाला लावून उभे होते, त्यामुळे उत्तर त्यांनीही ऐकलं. चणे, काकू म्हणाल्या. ते पांढरे, मोठे. कांदा-टोमॅटोत घोळवलेले आणि लोण्यासारखे मऊ.

काका म्हणाले, एवढंच ना.  पण काकू आजवर चार रात्रींपेक्षा जास्त कधी कुठे राहिल्या नव्हत्या. संध्याकाळी दार उघडावं आणि आतून कुणाचा खाकरल्याचासुद्धा आवाज येऊ नये, या कल्पनेनेच त्यांना धडकी भरली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तोंडाने म्हणाले की बॉयलर चालवणाऱ्या माणसाला वाटीभर चण्यांची काय मातब्बरी.

गुरुवारी त्यांनी डबा काढला, चणे धुतले आणि कुकरमध्ये टाकले. आतून काकूंनी सांगितलं, "अहो, ते रात्रभर भिजवावे लागतात."

"दाबाखाली पाणी शंभराच्या वर जातं. तिथे भिजल्या-न भिजल्याचा प्रश्नच येत नाही," काका म्हणाले.

 कुकर फुसफुसायला लागला तशी काकांनी आग कमी केली आणि दहा मिनिटांनी कुकर नळाखाली धरून, गार करून, उघडला. नमुना नको का बघायला? एक चणा दाताखाली धरला, वहीत वेळ टाकली, पुढे लिहिलं: कडक. झाकण लावून पुन्हा चढवला. पुन्हा दहा मिनिटांनी नळाखाली. दुपारी दोनपर्यंत वहीत चौदा नोंदी झाल्या आणि चौदाही ठिकाणी कडक. प्रत्येक वेळी सगळा ताप नळाच्या पाण्याबरोबर मोरीत वाहून जात होता, पण हे त्या चौतीस वर्षांच्या अनुभवाला कोण सांगणार? काकूंनी त्या दुपारी बोटांच्या टोकांनी ब्रेडचे तुकडे खाल्ले.

शुक्रवारी काकांनी दोष झाकणाच्या रबरावर ढकलला. भर दुपारी भांड्यांच्या दुकानात जाऊन नवं रबर मागितलं. दुकानदाराने सहज विचारलं, किती शिट्ट्या करता? एकही नाही, काका ताठ मानेने म्हणाले. दुकानदाराने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग रबराकडे, आणि म्हणाला की रबर देतो, पण घरी काकूंना एकदा विचारून बघा. काकांच्या डोक्यात तिडीक गेली. रबर विकणाऱ्याने रबर विकावं. घरी येऊन त्यांनी चणे दोन तास कोमट पाण्यात ठेवले, कारण त्यांच्या हिशेबाने ऊब वाढवली की वेळ वाचतो, आणि मग कालचाच खेळ पुन्हा मांडला. नवव्या नमुन्याला दाढेचा टवका उडाला. ते शेगडीसमोर गाल धरून उभे राहिले आणि त्या चण्यांना अशा शिव्या दिल्या की कारखान्यातही कुणी त्यांच्या तोंडून ऐकल्या नसतील. मग त्यांना रडू आलं. रागाचंच होतं ते, पण डोळे पुसावे लागले. परवा रविवार होता.

शनिवारी चहाचं आधण ठेवताना त्यांची नजर किटलीच्या तळाशी गेली. पांढरा, खरखरीत थर. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. जड पाणी! बॉयलरच्या नळ्यांत असाच थर धरायचा म्हणून ते पाण्यात मोजून सोडा घालायचे. आपण दोन दिवस झक मारत होतो आणि उत्तर आपल्याच धंद्यात होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चणे चक्क रात्रभर भिजत घातले. अर्थात काकूंचं ऐकून नव्हे, सोडा मुरायला वेळ द्यावा म्हणून. चिमूटभर पुरे, असं काकू पलंगावरून म्हणाल्या. काकांनी दोन चमचे घातले.

रविवारी सकाळी भिजलेले चणे फुगून दुप्पट झाले होते. लेक येणार, जावई येणार, म्हणून काकांनी सगळेच्या सगळे कुकरमध्ये भरले, गळ्यापर्यंत. शिवाय आणखी एक चमचा सोडा. आज नमुना काढायचा नाही असंही ठरवलं. आग मोठी ठेवली आणि स्टूल घेऊन समोर बसले. शिट्टी व्हायला आली की कमी करू.

पण शिट्टी व्हायलाच येईना. साधी फुसफुससुद्धा नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कुकर शहाण्या मुलासारखा चुपचाप बसला होता. दुसरं कुणीही असतं तर त्याच्या पाचावर धारण बसली असती. काकांना मात्र धन्य वाटलं. आग आणि वाफ यांचा मेळ इतका बरोबर जमला होता की शिट्टीची गरजच उरली नव्हती. आत काय चाललं होतं ते झाकणाला दिसत होतं, काकांना नाही. सोड्याने पाण्याला फेस आला होता, फेसाबरोबर सालं वर चढली होती आणि त्यातलं एक साल वाफेच्या भोकात बुचासारखं घट्ट बसलं होतं.

खाली गाडीचं दार वाजलं. लेक आली म्हणून काका स्टुलावरून उठून खिडकीपाशी गेले, आणि तेवढ्याने ते वाचले. मागे धाडकन आवाज झाला. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह छताला जाऊन आपटला आणि त्याच्यामागून चणे गेले. छत, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, सगळीकडे पिवळट लगदा. काकांनी वाकून शेगडी बंद केली. त्यांच्या पाळीत व्हॉल्व्ह उडाला होता.

लेक जिना धावत चढून आली. काकूंना काही झालेलं नाही हे आधी बघितलं, मग स्वयंपाकघरात येऊन छताकडे.  काकाच बोलत सुटले. दाब पुरेसा होता, पाण्याचंच कारण होतं, आणि हे बघ, शिजले तर आहेत, खोटं वाटत असेल तर हात लावून बघ. कुकरच्या तळाशी उरलेला लगदा त्यांनी वाटीत काढला, चमचा घातला आणि पलंगापाशी नेला. लोण्यासारखे मऊ मागितले होते ना!

काकूंनी चमचाभर तोंडात घेतलं. साबणासारखी चव असणार, कारण गिळताना त्यांनी डोळे मिटले.

"चण्यांचं राहू द्या," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "दोन दिवस तुम्ही दर दहा मिनिटांनी त्यांची चौकशी केलीत. सगळं वहीत आहे. माझी एकदा तरी केलीत का?"

काका म्हणायला गेले की हे सगळं कुणासाठी चाललं होतं. तेवढ्यात लेकीने पलंगाशेजारच्या तिवईवरून कप उचलला. सकाळी साडेसातला काकांनी स्वतः करून आणलेला चहा. काठोकाठ भरलेला, गार, वर जाड साय धरलेली. हा असाच कसा राहिला, असं तिने विचारलं.  काकूंनी नुसते दोन्ही प्लॅस्टरचे हात मांडीवरून थोडे वर उचलले आणि परत खाली ठेवले.

"कालचाही तसाच होता," त्या मग म्हणाल्या. "शिंपीणबाईंनी ओतून टाकला."

काकांनी कप लेकीच्या हातातून घेतला. स्वयंपाकघरात गेले. लगद्याने माखलेली शेगडी एका बाजूने पुसली, चहा गरम केला, गाळला आणि बशीत ओतून आणला. पलंगाच्या कडेला बसून बशी काकूंच्या ओठांना लावली. थोडा चहा प्लॅस्टरवर सांडला. काकू हळूहळू प्यायल्या, थांबत थांबत, अर्धा कप.

"अजून देऊ?" काकांनी विचारलं.

"पुरे," काकू म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. "माझे कपडे खालच्या कप्प्यात आहेत. त्यातला स्वेटरही घे."

प्लॅस्टर सहा आठवड्यांत निघणार होतं. थंडी पडायला अजून चार महिने होते.