खाचेचा पाव इंच

मावशीच्या दुकानात, कामाच्या टेबलाच्या बरोबर वर, एक रिकामी फ्रेम टांगलेली असायची. गडद लाकडाची, बारा बाय पंधराची. पुढे काच, मागे पुठ्ठा, मध्ये काही नाही. नवं गिऱ्हाईक हटकून विचारायचं, "ही केवढ्याला?" काचेवर कापायची हिरकणी ओढता ओढता, मान न वळवता मावशी म्हणायची, "ती भरलेली आहे."

ती फ्रेम आजोबांनी बनवली होती, मावशीच्या दहावीच्या निकालाच्या आठ दिवस आधी. दुकान तेव्हा त्यांचं होतं. शाळेत जाऊन प्रमाणपत्राचं माप विचारून आले, लाकूड निवडलं, चारही कोपरे स्वतः जुळवले आणि फ्रेम टांगून मोकळे झाले. निकाल लागला. मावशीला गणितात बत्तीस. पास व्हायला पस्तीस लागत होते. आजोबांनी फ्रेम मात्र उतरवली नाही. "लाकूड आहे, थांबेल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी मावशी त्या टेबलाशी येऊन बसली, ती जवळजवळ उठलीच नाही. माझी आई म्हणते, बाप आणि लेक दोघंही एकाच लाकडाचे.

त्यानंतर तेहेतीस वर्षं मावशीनं दुसऱ्यांची प्रमाणपत्रं मढवली. डॉक्टरांची, वकिलांची, गणितात पहिल्या आलेल्यांचीसुद्धा. तिचे कोपरे असे जुळतात की मध्ये नख जात नाही. पंचेचाळीस अंश तिच्या हातात होते, वहीत तेवढे कधी उतरले नाहीत.

रस्त्यापलीकडे घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे मालक डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात आणि कुणी काहीही विचारलं तरी आधी "एक मिनिट" म्हणतात, म्हणून सगळी गल्ली त्यांना मिनिटकाका म्हणते. मावशी एकटी त्यांना मिनिटराव म्हणते, तेही फक्त जिंकल्यावर.

खेळ सुरू झाला रद्दीमुळे. फ्रेमच्या मागे लावायला मावशी जुने कागद आणते. अकरा वर्षांपूर्वी त्या गठ्ठ्यात दहावीच्या गणिताच्या पुस्तकाची पानं निघाली. एका पानावर भिंतीला शिडी टेकली होती आणि ती भिंतीवर किती उंच पोचते ते काढायचं होतं. मावशीला शिडी ओळखीची वाटली. हिच्यावरूनच आपण घसरलो होतो. तिनं डिंकाचं भांडं बाजूला सारलं आणि दुपारभर त्या शिडीशी झटापट केली. उत्तर आलं. इतकी वर्षं जे अडून बसलं होतं ते एका दुपारचं काम होतं, याचा तिला आनंद झाला की राग आला, ते तिलाही सांगता येत नाही. पण एकटीला बसवेना. काचेची एक उरलेली पट्टी घेऊन तिनं तिच्यावर मेणाच्या पेन्सिलीनं ते गणित लिहिलं आणि रस्ता ओलांडून काकांच्या टेबलावर ठेवलं.

"येतं का बघा."

"एक मिनिट," काका म्हणाले. त्यांना दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी पट्टी परत आली. एका कडेला शिडीचं उत्तर आणि खाली नवा प्रश्न: तीन वाजल्यानंतर दोन्ही काटे एकमेकांवर केव्हा येतात?

"सव्वातीन! हे काय विचारणं झालं?" मावशी म्हणाली.

काका असे हसले की डोळ्याचं भिंग खाली पडलं. "सव्वातीनपर्यंत तासकाटा काय तुमची वाट बघत उभा राहणार? तोही चालतोय ना बिचारा!"

"तुमच्या दुकानातले निम्मे तर उभेच आहेत."

त्या दिवशीचा चहा मावशीनं केला. तेव्हापासून नियमच पडला. गणित काचेवर लिहायचं, उत्तरही त्याच काचेवर, मग फडक्यानं पुसून टाकायचं. हरेल त्यानं चहा करायचा. आणि काकांचा एक खास नियम होता: पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तर धरलं जाणार नाही. "नुसतं उत्तर शेजारच्याच्या वहीतही असतं," ते म्हणायचे. "तुम्ही कुठून कुठे गेलात ते दिसू द्या." मावशीला याचा भारी कंटाळा. पण अकरा वर्षांत हाताला वळण लागलं.

भांडणंही रंगायची. एकदा बागेभोवतीच्या रस्त्याची रुंदी काढताना दोन उत्तरं आली, सात मीटर आणि उणे बारा मीटर. "उणे बारा मीटरच्या रस्त्यावरून माणसानं चालायचं कसं?" मावशीनं पलीकडे ओरडून विचारलं.

"उलटं," काका तिकडून म्हणाले. रस्त्यावरचा फळवाला त्या दिवशी दोघांकडे संशयानंच बघत होता.

गेल्या वर्षी एका दुपारी चहा पिता पिता काकांची नजर त्या फ्रेमवर थांबली. "इतकी वर्षं ऐकतोय, भरलेली आहे, भरलेली आहे. कशानं भरलीय, बाई?"

मावशीनं सांगितलं. बत्तीस, पस्तीस आणि आजोबा, तिन्ही एकाच दमात. काका "एक मिनिट" म्हणून उठून गेले. दुसऱ्या दिवशी पट्टी आली. तिच्यावर लिहिलं होतं: बाहेरून परीक्षेला बसायच्या अर्जाची शेवटची तारीख काढा. पायऱ्या दाखवा.

जुने विषय धरले गेले, फक्त गणित द्यायचं होतं. मावशीनं अर्ज भरला आणि आईला सांगितलं, "या खेपेलाही नापास झाले, तर ती फ्रेम उतरवायची. कुणाच्या तरी नातवाचा फोटो लागेल तिच्यात." आई म्हणाली, "अगं, असं काय बोलतेस!" पण मावशी थट्टा करत नव्हती.

परीक्षेच्या खोलीत ती शेवटच्या बाकावर बसली. पुढच्या मुलीनं मागे वळून अदबीनं विचारलं, "मॅडम, पुरवणी द्याल?"

"मलाही हवीय गं," मावशी कुजबुजली. "मिळाली की सांग."

पेपर बरा चालला होता. मग पाच गुणांचं एक गणित आलं आणि मावशी मनातून नाचली. वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब चित्र, भोवती सारख्या रुंदीची फ्रेम, फ्रेमचं क्षेत्रफळ चित्राएवढंच. फ्रेमची रुंदी काढा. हे तर तिच्या रोजच्या पोटापाण्याचं! ती आकडे मांडत गेली. वर्गमूळ काही सुटेना. पुरवणी भरली, अर्धा तास गेला, उत्तर चार पूर्णांक अठ्ठ्याहत्तर असं काहीतरी आलं, आणि शेवटची दोन गणितं अर्धवटच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तिनं काकांच्या टेबलावर प्रश्नपत्रिका ठेवली. काकांनी त्या गणितावर बोट ठेवलं. "हे पाच येतं. साधं पाच सेंटिमीटर. तुमचं चार अठ्ठ्याहत्तर आलं कुठून?"

मावशीनं पायऱ्या सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच पायरीवर कपाळाला हात लावला. "मी खाच वजा केली."

"कसली खाच?"

"फ्रेमला आतून खाच असते ना. चित्राची कड त्या खाचेत जाते. प्रत्येक बाजूला पाव इंच झाकलं जातं. मी अर्धा सेंटिमीटर धरून वजा केलं."

काकांनी भिंग काढलं. "बाई, पुस्तकातल्या चित्राला खाच नसते!"

"मग ते भिंतीवर टिकतं कसं?" मावशी चिडून म्हणाली, आणि मग दोघंही हसायला लागले. मावशीचं हसू आधी थांबलं.

काकांनी काचेच्या पट्टीवर बेरीज केली. खात्रीचे गुण तेहेतीस झाले. पुढे दोन हवे होते आणि पुढे होत्या फक्त अर्धवट गणितांच्या पायऱ्या. ती पट्टी मात्र कुणी पुसली नाही. निकालापर्यंत ती काकांच्या खिडकीत उभी होती, आणि तितके दिवस एकही नवं गणित रस्ता ओलांडून गेलं नाही.

निकालाच्या दिवशी मावशी दुकानातच थांबली, काका शाळेत गेले. परत आले ते रस्त्याच्या मध्यावरूनच ओरडले, "अडतीस!"

"ओरडताय काय, गाडी येतेय मागून!"

"पायऱ्यांचे पाच दिले हो! खाचेच्या गणितालासुद्धा काहीतरी दिलंच असणार!" काका अलीकडे येऊन धापा टाकत म्हणाले. "तेव्हा तीन कमी पडले होते ना? आता तीन जास्त आहेत."

मावशीनं हातातली काच जपून खाली ठेवली. मग आईला फोन लावला आणि "अडतीस, अडतीस" करत राहिली. शेवटी आईनंच विचारलं, "अगं, पास की नापास?"

महिन्याभरानं प्रमाणपत्र आलं. मावशीनं फ्रेम उतरवली. मागे भिंतीवर फिकट चौकोन उमटला होता. तिनं खिळे काढले, पुठ्ठा काढला, प्रमाणपत्र आत ठेवलं आणि खो खो हसत सुटली. तेहेतीस वर्षांत प्रमाणपत्र आटलं होतं. आता ते आठ बाय अकराचंच येत होतं.

काका धावत आले. मावशीनं त्यांच्यापुढे काचेची पट्टी आणि पेन्सिल सरकवली. "घ्या. बारा बाय पंधराच्या फ्रेमच्या मापाचा पांढरा पुठ्ठा, मधोमध आठ बाय अकराचं प्रमाणपत्र. बाहेरून बघणाऱ्याला चारी बाजूंनी किती रुंद पट्टी दिसेल? पायऱ्या दाखवा."

काकांनी भिंगसुद्धा लावलं नाही. "बारातून आठ गेले चार, त्याचे निम्मे दोन. पंधरातून अकरा गेले, तेही दोन. दोन इंच! हे काय विचारणं झालं?"

मावशीनं पुठ्ठा कापला, प्रमाणपत्र त्यावर बसवलं, फ्रेम वरून ठेवली आणि त्यांच्या हातात पट्टी दिली. मोजायची पट्टी.

काकांनी मोजलं. पुन्हा मोजलं. चारी बाजूंनी पावणेदोन.

"एक मिनिट," ते म्हणाले.

"खाच, मिनिटराव," मावशी म्हणाली. "चहात साखर कमी टाका."

ते स्टोव्हकडे वळले. मावशी स्टुलावर चढली आणि फ्रेम त्या फिकट चौकोनावर बरोबर बसवली. तेवढ्यात दारात एक बाई आल्या, वर बघत म्हणाल्या, "छान आहे हो. ही कुणाची?"

मावशीनं मान वळवली. "माझी," ती म्हणाली, आणि आधी खाली उतरली, मग त्यांचं काय काम आहे ते विचारलं.