पुढे दुधाचे काम चालू आहे

मुलीने बंगळुरूत स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं आणि मुलाकडचे कुंभकोणमचे मराठी निघाले, तेव्हा आमची निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी भाषेची. मराठेशाहीत तिकडे गेलेल्या घरातली मराठी आपल्याला कितपत कळणार? "आधी तुम्ही मोठे भेटून या, मग बोला," मुलगी म्हणाली. विमानाची तिकिटं बघायच्या आतच माझ्या नवऱ्याने, सुधीरने, गाडीने जायचं जाहीर केलं. त्याच्या मोबाईलमध्ये पाट्या वाचणारं अ‍ॅप होतं. कॅमेरा धरला की तमिळचं मराठी हजर!

पुणे ते बंगळुरू पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी होसूर, सेलम, तिरुची करत तंजावर. फास्टॅग भरून ठेवा, बाकी रस्ता सरळ आहे. तंजावरला केळीच्या पानावर पोटभर जेवलो, दोघांचं मिळून बिल पुण्यातल्या एका थाळीइतकं झालं. मोठ्या रस्त्यावर पाट्या इंग्रजीतही असल्यामुळे अ‍ॅपला काही कामच नव्हतं. सुधीर हिरमुसला होता.

पापनाशम्‌ ओलांडल्यावर मात्र त्याने नकाशातली जवळची वाट धरायला लावली. दोन्हीकडे भात आणि केळी, मधून अरुंद रस्ता. गाडी मी चालवत होते, तो वाचत होता.

"वेगाला बंदी," अ‍ॅपने एका पिवळ्या पाटीचं भाषांतर केलं.

"म्हणजे किती वेगाला?"

"सरसकट बंदी. वीसच्या वर जाऊ नकोस."

मागच्या बसने हॉर्न वाजवून वाजवून कान किटवले. पुढे आला साधा गतिरोधक.

मग एक हाताने रंगवलेला फलक दिसला. त्याच्या एका कोपऱ्यावर कुणाच्या तरी लग्नाचं पोस्टर चिकटवलेलं होतं. सुधीरने फोटो काढून मोठ्याने वाचलं, "पुढे दुधाचे काम चालू आहे. डेअरी असणार. कॉफी मिळेल."

कॉफीच्या आशेने मी जरा जोरात घेतली. वळण संपलं आणि समोर कालवा. त्यावरचा पूल निम्मा पाडलेला. ब्रेक लागला, पण पुढचं चाक भुसभुशीत भरावात रुतलं आणि गाडी कालव्याकडे कलून थांबली. मी दार उघडून चिखलात उतरले. सुधीर अ‍ॅप बंद करून पुन्हा सुरू करत होता.

शेवटी ज्यांच्यासमोर ऐटीत उतरायचं होतं, त्या मुलाच्या आईलाच, कमलाबाईंना, फोन लावला.

"कोठें आहां? कालवा दिसतो? भिऊं नका, तेथेंच असा. मी येतें."

थोड्या वेळाने कांजीवरम नेसलेली, केसांत मोगरा माळलेली बाई स्कूटरवरून आली. पुलावरच्या मजुरांना तिने तमिळमध्ये दोन शब्द सुनावले, त्यांनी गाडी ढकलून मागे काढली. मग तिने आमचा फलकाचा फोटो पाहिला आणि पदर तोंडाला लावला.

"पालम् म्हणजे पूल. शेवटचें अक्षर त्या कागदाखालीं लपलें. उरलें तें पाल्, म्हणजे दूध!"

सुधीरही हसला. त्याला दुसरा पर्यायच नव्हता.

स्कूटरच्या मागोमाग आम्ही कुंभकोणमला पोचलो. पितळी डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, शेवटी ती कॉफी मिळाली. कमलाबाई जवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "दोन रात्री निजलें नाहीं. पुण्याचीं माणसें, आमची मराठी ऐकून हंसतील, असें वाटत होतें."

खरं सांगते, मी हसलेच असते. नीट साडी नेसून, वेळेवर पोचले असते तर नक्की. पण माझ्या चपलांना कालव्याचा चिखल लागलेला होता. मी म्हटलं, "तुमच्या मराठीनेच तर आम्हाला वर काढलं." होकार द्यायला आम्हाला दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली नाही.

परत येऊन महिना झाला. साखरपुडा पुण्यात आहे आणि कमलाबाई स्वतः गाडी चालवत येणार आहेत. परवा त्यांनी फोनवर संकोचत विचारलं, "तें अ‍ॅप मला मिळेल काय? मराठी बोलतें, पण तुमची लिपी मला वाचतां येत नाहीं. घरीं आम्ही तमिळ अक्षरांतच लिहितों."

सुधीर लगेच लिंक पाठवायला निघाला. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. आता रोज सकाळी फिरायला जाते, रस्त्यावरच्या एका पाटीचा फोटो काढून त्यांना पाठवते आणि अक्षरं लावून दाखवते. काल त्यांनी 'पुढे शाळा आहे' सलग वाचलं. आवाजात पाठवलेल्या त्या निरोपात वाचून झाल्यावर त्यांनी तेच पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "आणखी एक पाठवा."