अर्धवट आखलेले डोळे

भूतबित, साक्षात्कार, चमत्कार... या भानगडींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरातले अनुभव मी हसायला म्हणून वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे. हजारो देव माझ्या हाताखालून गेले, एकानेही कधी पापणी हलवली नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची, रंगकामाच्या ऐन घाईतली. माझी पुतणी मृणाल रोह्याला दिलीय, घरी बसून ॲनिमेशनचं काम करते. ती एका जपानी पाहुण्याला घेऊन आली. मोरी-सान. साठीचा, काडीसारखा माणूस. दारातच कमरेत वाकला. हिचा ऑनलाइन गुरू म्हणे!

"काय करतात हे?"

"ॲनिमे, काका. सिनेमाची चित्रं काढतात, हातानं."

"म्हणजे कार्टून."

मग तिने त्याची सगळी कुंडली मांडली. विशीत कामाला लागला तेव्हा मोठे लोक एका चित्रात डोळा उघडा काढणार, दुसऱ्यात मिटलेला, आणि मधली सगळी चित्रं याने भरायची. वर्षानुवर्षं मधलीच. मग कुठे मुख्य चित्रं मिळाली, नाव झालं.

"आयुष्यभर पापण्या मिटवल्या म्हण की," मी म्हटलं. मृणालने ते त्याला सांगितलं नाही.

"काका, हात थरथरतो आता त्यांचा. परत गेले की काम सोडणार हायत. एकदा डोळे आखू द्या ना त्यांना. बघू दे जमतंय का नाय ते."

मूर्तीचे डोळे आमच्याकडे सगळ्यात शेवटी आखतात. डोळे नाहीत तोवर तो माल, आखले की देव. मालाला तडा गेला तर माती भिजवून परत वापरायची, देवाचं तसं करता येत नाही. आणि ज्याने डोळे सुरू केले त्यानेच पुरे करायचे, दुसऱ्याने हात लावायचा नाही. कार्टूनवाल्याला चांगली मूर्ती कोण देणार? सोंडेला तडा गेलेली, भिजवायला काढलेली एक त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, बघू मजा.

त्याने वरच्या पापण्यांच्या दोन रेघा ओढल्या, त्याही कापऱ्या. मग हात असा उडायला लागला की ब्रश खाली ठेवावा लागला. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसला. मी हसत होतो, आणि लपवतही नव्हतो.

"जन्मभर रेघोट्या मारल्या आणि दोन डोळे पुरे होईनात!"

हे त्याला न सांगताच कळलं असावं. उठला, वाकला, आणि दोघं रोह्याच्या गाडीने निघून गेले. मी मूर्तीवर पेपर टाकला, मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या करगोट्याला असते.

सकाळी भिजवायला म्हणून खोली उघडली, पेपर उचलला... डोळे पुरे होते.

वरच्या रेघा कालच्याच, कापऱ्या. खालच्या मात्र एका दमात ओढलेल्या, केसाएवढा कंप नाही. कारखान्यातला प्रत्येक हात मी रेघेवरून ओळखतो. हा आमच्यातला कोणाचाच नव्हता. आणि ते डोळे माझ्याकडे बघत होते. मी घाबरलो, सरळ सांगतो. पेपर काखेत मारला आणि हात जोडले. मी — एकटा, तडा गेलेल्या मालापुढे!

मृणालला फोन लावला. "तुझा पाहुणा कुठाय?"

"हितंच, रोह्यात. पहाटेपासून नदीवर बसलेत चित्रं काढत. काका, हात थरथरत नाय ओ त्यांचा!" ती रडत होती. "पाठवते, बघा."

फोटो आले. पहिल्या चित्रात मी, तोंड वाकडं करून हसणारा. पुढच्या प्रत्येक चित्रात हसू थोडं थोडं विरत गेलेलं. शेवटच्यात माझे हात जोडलेले. ठीक आहे, अपमान झालेल्या माणसाने मनाची समजूत काढली असेल. पण त्या शेवटच्या चित्रात माझ्या काखेत पेपर आहे.

मोरीने काम सोडलं नाही. मूर्ती अजून माझ्याकडेच आहे, ती आता भिजवणार कोण? भास झाला म्हणणाऱ्या शहाण्यांनी आधी एक पापणी सरळ ओढून दाखवावी, मग बोलावं. आणि तो कार्टूनवालाच, हे माझं मतही बदललेलं नाही.

फक्त त्या मूर्तीसमोर मी हसत नाही.