चापाची चमकी

बेचाळिसाव्या वर्षी मी नाक टोचून घेतलं, आणि तेही चुकीच्या बाजूचं.

सोनाराने रीतसर विचारलं होतं, "कुठली बाजू?" बायका डावीकडे टोचतात एवढं मला माहीत होतं. मी त्याच्या काउंटरवरच्या आरशात पाहिलं आणि आरशातल्या माणसाच्या डाव्या नाकपुडीवर बोट टेकवलं. आरशातल्या माणसाची डावी म्हणजे माझी उजवी, हे भोक पडल्यावर कळलं. खरं तर तेव्हाही नाही कळलं, कारण भोक पडताच मी आडवा झालो होतो. पडताना काउंटरची कड कपाळाला लागली. मग दवाखाना, कपाळाला टाके आणि वर धनुर्वाताचं इंजेक्शन. जो माणूस एका सुईला घाबरत होता, तो सुयांची अख्खी पंगत उठवून घरी आला.

हे सगळं बेबीआत्यापायी.

बेबीआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. गोरेगाव पूर्वेला, स्टुडिओकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चाळीत ती ब्लाउज शिवायची. सिरियलीत मागच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या बायका तिच्याकडे धावत यायच्या, "आत्या, संध्याकाळी शूटिंग आहे, काहीतरी कर ना!" आत्या तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिच्या शिव्याही दातांतून गाळून यायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मी देवगडहून शिकायला आलो तो तिच्याकडे, आणि लग्न होईपर्यंत तिच्या मशीनच्या खडखडाटातच झोपलो.

दिवसभर सुईशी खेळणारी ही बाई अंगाला सुई लागेल म्हटलं की थरथरायची. मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "कापडाक दुखत नाय रे मेल्या, माका दुखता." लहानपणी सोनार घरी आला तेव्हा ती गवताच्या गंजीत लपली आणि रात्र होईपर्यंत बाहेर आली नाही. नाक तसंच राहिलं. लग्नात चापाची नथ लावली, म्हणजे भोक नसलेल्या नाकाला चिमट्यासारखी बसते ती. घास भरवताना ती नथ नेमकी जिलबीत पडली आणि नवऱ्याने जिलबीसकट तोंडात घातली. "सोन्याची होती म्हणून थुंकलो नाय," असं काका पुढे आयुष्यभर सांगत.

तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं नाक मात्र टोचलेलं होतं. त्यांच्या आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले. म्हणून तिसऱ्याचं नाक टोचलं आणि नाव ठेवलं नथू. यम दारात आला की त्याला वाटावं, ही तर मुलगी, आणि त्याने परत जावं. लहानपणी आत्याने विचारलं होतं, मुलीला तो का नेत नाही? तिची आजी म्हणाली होती, "चेडवांका तो पण मोजणा नाय."

हे आत्या हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

मग तिच्या पायांवर सूज आली. ती म्हणे, मशीन मारून आली असेल. तोंड सुजलं, तेव्हा मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी हातात दोन सुया. त्या सुया डॉक्टरांनी दाखवल्या आणि मीच खुर्चीत बसलो. गोणी शिवायच्या दाभणासारख्या होत्या.

"नाय," आत्या म्हणाली.

"अगं, नाही केलं तर..."

"तर मरान. लोक मरतत."

मी रडलो, भांडलो, जेवण सोडायची धमकी दिली. ती समोर बसून हुक लावत राहिली. शेवटी टाचण्या तळहातावर काढून ठेवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बरा. तू नाक टोचून घे. माझ्या बापाशीसारखा. तुझ्या नाकात चमकी दिसता तवसर मी दवाखान्यात जायन."

शाळेत लस टोचायला आले की मी बाकाखाली सापडायचो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विषय मिटवायलाच ती तसं बोलली.

दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी आणि नाकात चमकी लावून मी दारात उभा राहिलो. ती बघतच राहिली. मग इतकी हसली की तिला धाप लागली. "उजवीकडे? मेल्या, बायलमाणसा डावीकडे टोचतत! यम आता तुका काय समजात?" हसता हसता डोळे पुसले, घडी घातलेली साडी काढली आणि म्हणाली, "चल. खंय जावचा तां?"

आधी मानेत नळी घातली. मग हाताची शीर तयार केली आणि सुया सुरू झाल्या. सिस्टर सुई उचलायची तेव्हा आत्या माझं मनगट धरून माझ्या नाकाकडे एकटक बघायची. तिची नखं माझ्या मनगटात रुतायची. मी छताकडे बघायचो. दोघांपैकी एकानेही कधी सुई पाहिली नाही.

मरोळच्या आमच्या ऑफिसात माझी जी व्हायची ती शोभा झाली. मला 'वहिनी' म्हणू लागले. ते मी सहन केलं. पण थंडीत सर्दी झाली, नाक पिकून टोमॅटो झालं, आणि मी चमकी काढून ठेवली. म्हटलं, दोन दिवसांनी घालू. दोन दिवसांनी भोक बुजलेलं होतं.

पुन्हा टोचायचं? सोनाराच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि घाम फुटून परत आलो. स्टेशनबाहेर खोट्या दागिन्यांच्या टपरीवर चापाची चमकी मिळाली. टपरीवाल्या बाईने स्वतः बसवून दिली, कशी लावायची ते शिकवलं. त्यानंतर इस्पितळाच्या लिफ्टमध्ये स्टीलच्या दारात बघून मी चमकी चढवायचो आणि परत जाताना उतरवून खिशात टाकायचो. पहिल्या दिवशी आत्याने पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि हात पुढे केला. मी सुटलो. माझ्या हुशारीवर मी चहा पाजला स्वतःला.

पुढचं सगळं उतरणीचं. हाताची शीर बंद पडली, दुसऱ्या हाताची केली. दोन्ही हात निळेकाळे झाले. पाणी मोजून प्यायचं, म्हणून ती ओठांवर ओला रुमाल ठेवून पडायची. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती, ती परत निघाली नाही. एकदा सिस्टरला शीर मिळेना, तीनदा टोचलं. आत्या ओरडली नाही. तोंड भिंतीकडे वळवून म्हणाली, "आता पुरे."

मी घाबरून म्हणालो, "आत्या, बघ ना इकडे."

तिने मान वळवली. माझ्या नाकाकडे पाहिलं. किती तरी वेळ. "आसा मा नाकात?"

"आहे गं."

"मगे टोच बाय," ती सिस्टरला म्हणाली, आणि उरलासुरला हात सरकवला.

त्यानंतरही बऱ्याच खेपा झाल्या. रक्तात जंतू शिरले, ताप चढला आणि एका दुपारी डायलिसिसचं मशीन चालू असतानाच ती गेली. आधी त्या दोन सुया काढल्या. माझ्या मनगटावरचा हात नंतर सोडवला.

दिवसकार्य झाल्यावर तिची गोधडी आणायला मी वॉर्डात गेलो. आत्याला सुया टोचणाऱ्या संघमित्रा सिस्टरने ती घडी करून ठेवली होती. गोधडी देताना माझ्या नाकाकडे बघून ती म्हणाली, "आज नाही लावलीत का, दादा?"

"काय?"

"चापाची चमकी."

मी गोधडी काखेत घेतली.

"आजींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मलाच दाखवलं त्यांनी. तुमचं टोचलेलं उजवीकडे ना? आणि तुम्ही दर वेळी डावीकडे लावून यायचात."

माझा हात नाकाकडे गेला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. टपरीवालीने बायकांची लावतात तशी, बरोबर बाजूला बसवून दिली होती.

"मी म्हटलं, आजी, सांगू का त्यांना?" सिस्टर म्हणाली. "तर म्हणाल्या, 'काय सांगा नको. येवढो शिकलो, पण सोताचा नाक खंय आसा तां तेका म्हायत नाय.'"