सौंसरचे तिघं वाळवंटात

धावणाऱ्यांचे किलोमीटर कोणाच्या ध्यानात राहत नाहीत, किस्से मात्र साचतच जातात. आमच्या सौंसरच्या टोळीचे तर इतके साचले की कुठला खरा अन् कुठला शरदनं वाढवलेला, मलेही सांगता येत नाही. हे जे सांगून राहिलो ते मात्र माझ्या डोळ्यांदेखतचे.

टोळी म्हणजे आम्ही तिघं अन् गुरुजी. मी नगरपालिकेत बाबू. शरद मोहगावचा, संत्र्याच्या बगीच्यावाला. देवानंद रामाकोन्याचा, त्याचे मायबाप दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जात. गुरुजी शाळेत पीटी शिकवत. ऐंशी सालानंतरची गोष्ट. राजस्थानात वाळवंटातल्या टेकड्यांवर एकवीस किलोमीटरची शर्यत होती, अन् गुरुजींनी आमची नावं परस्पर पाठवून दिली!

पहिल्या वीस जणांले सर्टिफिकेट होतं. शरदले ते फ्रेम करून बैठकीत लावायचं होतं. देवानंदले नोकरीसाठी पाहिजे होतं. खेळाडूंच्या कोट्यात जागा निघाली होती, अन् त्याच्या वयाची अट त्याच वर्षी संपून राहिली होती. म्हणजे एकच चान्स.

* * *

"वाळवंट म्हणजे वाळू अन् ऊन!" गुरुजी म्हणाले, अन् ऑक्टोबर हिटमध्ये भर दुपारी आम्हाले रामाकोन्याच्या नदीकाठच्या वाळूत पळवलं. आठवडाभर.

एक म्हातारी धुणं धुता धुता रोज पाहत होती. शेवटी तिले राहवलं नाही. "बस करा ना पोट्टेहो! ज्याच्या मागं पळून राहिले तो कवाचाच निंगून गेला!"

* * *

शरदले कोणी पुढं गेलेलं खपत नसे. पंगतीत कोणी त्याच्या आधी जेवून उठलं तरी त्याचं तोंड उतरे.

एकदा प्रॅक्टिसमध्ये देवानंद पुढं निघून गेला, तर हा पठ्ठ्या बगीच्यातून आडवा घुसला. स्वतःचाच बगीचा! पण चड्डी-बनियानवरच्या मालकाले त्याच्याच कुत्र्यानं ओळखलं नाही. त्या दिवशी शरद पहिला आला. कुत्रा दुसरा. देवानंद तिसरा!

* * *

शर्यत जानेवारीत होती. देवानंदच्या मायनं उन्हाची लू लागू नये म्हणून आम्हा तिघांच्या खिशात एकेक कांदा टाकला.

तिथं उतरलो, अन् सकाळी पाहतो तर काय! बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी. लाइनवर बाकीचे स्वेटर घालून उभे, आम्ही बनियानवर, खिशात कांदे.

"गुरुजी, तुम्ही तर म्हणाले होते ऊन!"

गुरुजींनी मफलर कानावर ओढला. "मले काय विचारता बे? मी पीटीचा मास्तर आहे, भूगोलाचा नाही!"

शरद अन् मी हसलो. देवानंद हसला नाही. "भाऊ, पाय आहेत का नाहीत तेच समजून नाही राहिलं," तो मले हळूच म्हणाला.

* * *

माझं काय झालं ते विचारू नका. तेराव्या किलोमीटरले दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. जीपवाल्यानं उचलून आत टाकलं अन् विचारलं, "कोई पुरानी बीमारी है क्या?"

"नहीं जी," मी म्हणालो, "नगरपालिका में हूँ।"

* * *

जीपमुळे आमच्या तिघांत मीच आधी शेवटच्या दोरीजवळ पोचलो. गुरुजी उभे राहून मोजून राहिले होते. सोळा. सतरा. आपलं कोणीच नाही. अठरा. गुरुजींचा आवाज बसत चालला. एकोणीस.

मग टेकडीवर तिघं दिसले. पुढं शरद. त्याच्या मागं पंधरावीस पावलांवर देवानंद, एक पाय फेकत. अन् त्याच्या पाठीशीच कोणी निळ्या बनियानवाला.

शरदनं मागं वळून पाहिलं. दोरी पन्नास पावलांवर होती.

अन् तो खाली बसला! बूट काढून तळवा पाहू लागला. देवानंद त्याच्या बाजूनं गेला, डोळे नुसते दोरीवर. वीस! निळा बनियानवाला एकवीस. शरद लंगडत बावीस.

देवानंद वाळूत पालथा पडून ढसाढसा रडून राहिला होता. शरद गुरुजींपाशी येऊन बसला. "काटा रुतला, गुरुजी. नाही तर आज मी कोणाले पुढं जाऊ देत होतो का!"

गुरुजींनी त्याचा पाय मांडीवर घेतला. मी वाकून पाहिलं. तळवा साफ होता, ओरखडासुद्धा नव्हता. गुरुजींनी एकदा शरदच्या तोंडाकडं पाहिलं. मग देवानंदकडं पाठ फिरवली, खिशातून सेफ्टी पिन काढली अन् चांगली दहा मिनिटं टोकरत बसले.

"निंगाला बापा," शेवटी म्हणाले. "लयच खोल गेला होता."