मॉरीन केसवालीची वेल्श

मॉरीन ट्रँटर इंग्लंडातून, डडलीहून वेल्समधल्या आमच्या गावी आली आणि चॅपेलसमोर केस कापायचं दुकान थाटून बसली, तेव्हा तिला वेल्शचं ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या म्हाताऱ्यांना त्याचं काय! केस वाळवायच्या यंत्राखाली बसून त्या तिच्याशी वेल्शमध्येच ओरडत राहिल्या आणि मॉरीनही उलट ओरडायला लागली. दहा वर्षांत ती अशी बोलायला लागली, की डोळे मिटून ऐकलं तर समोर ऐंशीची, जरा बहिरी आणि भारी आगाऊ बाई आहे असं वाटावं.

लिहिण्या-वाचण्याची मात्र बोंब. आमच्या भाषेत मागचा शब्द बघून पुढच्याचं पहिलं अक्षर बदलतं. मांजर कधी 'काथ' असते, कधी 'गाथ'; कोशात मात्र 'क'मध्येच. तिनं एकदा माझ्याकडून शब्दकोश नेला, 'ग'मध्ये मांजर शोधली आणि दुसऱ्या दिवशी कोश आणून आपटला.

"काय गं मेगन, एवढा जाडजूड कोश, आणि यात साधी मांजर नाही?"

पोस्टातली पोरगी तिला वेल्श कागद अडखळत वाचताना बघायची आणि लगेच इंग्रजीवर उतरायची. "शिकताय ना? छान हं!" मॉरीनच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून यंदा तिनं आमच्या आयस्टेदवोदला, म्हणजे गावच्या गाण्या-कवितांच्या स्पर्धेला, पाच विनोदी ओळी द्यायचं ठरवलं. शिकाऊंच्या गटात नाही, खुल्या गटात.

"दे इकडे, शुद्धलेखन बघते," मी म्हटलं.

"हात लावायचा नाही! तू नीट केलंस की ते तुझं झालं. मी कानाला येतं तसं लिहिलंय. परीक्षकाला कान असतील ना?"

"डोळेही असतील, बाई. तिथं हसं झालं, तर जन्मभर शिकाऊच म्हणतील तुला."

"म्हणू देत."

स्पर्धेच्या संध्याकाळी मी मॉरीनच्या शेजारीच बसले. परीक्षक ईवोर पॅरी पलीकडच्या खोऱ्यातले. आमच्या गावात त्यांच्या ओळखीचं कुणी नाही.

"एका कागदावरचं लेखन असं होतं," ते म्हणाले, "की मला चेष्टाच वाटली. बायकोला गंमत म्हणून मोठ्यानं वाचून दाखवला, तर ती पोट धरून हसायला लागली."

मग त्यांनी तो वाचला. एक मेंढा जत्रेसाठी केस कुरळे करून घेतो, आणि घरी त्याची मेंढी त्याला चॅपेलचा नवा उपदेशक समजून चहा पाजते. सगळा हॉल खदखदून हसला.

"पहिलं बक्षीस. टोपणनाव, 'मेंढीची मावशी'. कोण आहे? उभं राहा."

मॉरीन उठली. पॅरींनी चष्म्यावरून तिला न्याहाळलं.

"कुणाची गं तू?"

हा प्रश्न आमच्यात परक्याला कुणी विचारत नाही. आई-बापाचं नाव ऐकलं की घर, शेत, आजोळ सगळं कळतं, म्हणून तो आपल्याच माणसाला विचारायचा. मॉरीनला तो कधीच कुणी विचारला नव्हता.



"तुम्ही नाही ओळखायचे," ती म्हणाली. "वडील डडलीला बस चालवायचे."

"असू दे. नाव सांग की."

"रेज ट्रँटरची," मॉरीननं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं.